चार तासांची फेरी

सोमवार, ४ मार्च

ही वही पाणी लिहायला मिळाली आहे. मोठ्या सिस्टरांनी पहिल्या पानावर स्वतः रकाने आखून दिले. तारीख, सकाळचं वजन, दिवसभरात पोटात गेलेलं पाणी. चहा पाण्यातच धरायचा, भाजीचा रस्साही, आणि चघळलेला बर्फाचा खडासुद्धा. दिवसाला पाऊण लिटर, वर घोटभरही नाही. मी म्हटलं, "एवढंसं लिहायला एवढी जाड वही?" त्या म्हणाल्या, "उरलेल्या पानांवर मनातलं लिहा. तेही साठतंच की."

मनातलं लिहायची मला सवय नाही. बावीस वर्षं मी रोज एकच कागद भरला. गाडीचा नंबर, सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, तक्रार असल्यास. शेवटच्या रकान्यात बहुतेक 'नाही' असायचं.

तशीच सुरुवात करतो. वय एकोणपन्नास. सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर. म्हणजे होतो. दोन्ही किडन्या गेल्या. ब्लडप्रेशर कित्येक वर्षं चढलेलं होतं, गोळ्या आठवल्या तर घ्यायचो. डॉक्टरांनी विचारलं, "इंजिनाचा काटा लाल रेषेवर गेला तर गाडी बाजूला घेता ना?" म्हटलं, घेतो. "मग स्वतःची का नाही घेतलीत?" जानेवारीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला मशीन. चार तास. रक्त एका नळीतून बाहेर जातं, धुऊन दुसरीतून परत येतं. हे आता जन्माचं, किंवा कुणाची किडनी मिळेपर्यंत. त्या यादीत मी इतका मागे आहे की माझ्या पुढची रांग वळून दिसेनाशी होते.

आज डेपोचं पत्र आलं. अवजड वाहन चालवण्यास अपात्र. बायकोनं वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, आणि पाकीट किती वेळ हातात धरून उभी राहिली.

तक्रार असल्यास: आहे.

बुधवार, ६ मार्च

हॉलमध्ये नऊ खुर्च्या आहेत, मागे रेलल्या की पलंग होणाऱ्या. माझी चौथी, खिडकीशी. पाचवीवर एक बाई असतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. सिस्टरसुद्धा त्यांना भूगोलबाईच म्हणतात. नऊ वर्षं झाली त्यांना मशीनवर. मी दोन महिन्यांत घायकुतीला आलो आणि या नऊ वर्षं! त्यांच्या डाव्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. त्यांनी मला त्या नकाशावरच्या नद्या दाखवाव्यात तशा दाखवल्या. "ही मोठी. ही तिला येऊन मिळते. आणि ही दोन वर्षांपूर्वी आटली."

आज सुया लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुमची गाडी कुठून कुठे जायची?"

"डेपो ते तलाव."

"जाऊन येऊन किती वेळ?"

"मधला चहा धरून तीन तास पन्नास मिनिटं."

त्यांनी अंगावरची शाल नीट केली, मान मागे टेकली. "मग सोडा की. दहा मिनिटं हातात आहेत."

वाटलं, थट्टा करताहेत. पण डोळे मिटून त्या खरंच थांबल्या होत्या. प्रवासी बसलेला आणि गाडी उभी, हे मला कधी बघवलं नाही. मीही डोळे मिटले. डेपोच्या फाटकातून गाडी काढली. जुना पूल. काचेचा कारखाना, जिथे सकाळी सगळी भिंत पेटल्यासारखी दिसते. कोर्ट. मग तो वळणाचा चढ, तिथे दुसऱ्या गिअरला पर्याय नाही. मी हळू आवाजात एकेक थांबा सांगत होतो आणि त्या मध्येच विचारत होत्या, "उतरलं का कुणी?" सगळी मशीनं एका सुरात घुरघुरत होती. ऊन तिरपं होऊन माझ्या पांघरुणावर चढलं. कोण चढलं, कोण उतरलं, मला खरंच दिसत होतं. बाराव्या थांब्यावर एक माणूस कुंडीत लावलेलं झाड घेऊन चढला. त्याला मी कधीच पाहिलेलं नाही.

टेक्निशियननं खांद्याला हात लावला तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर, एकोणिसाव्या थांब्यावर होतो. बाकीचे थांबे राहिले.

शुक्रवार, ८ मार्च

आज काचेच्या कारखान्यापाशी भूगोलबाई म्हणाल्या, "डावीकडे काय आहे?"

"माहीत नाही. सात नंबर डावीकडे वळत नाही."

"आज वळवा."

बावीस वर्षांत मी एकदाही मार्ग सोडला नाही. पण इंडिकेटर दिला आणि वळवली. आधी झाडं, मग झाडं संपली आणि पांढरंशुभ्र मैदान लागलं. बाई म्हणाल्या, ते मीठ आहे, हजारो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो निघून गेला आणि मीठ ठेवून गेला. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. चाकांचाही आवाज येत नव्हता.

घरी जाताना बायकोनं विचारलं, आज कसं होतं? ती दारापर्यंत येते, आत मी येऊ देत नाही. एवढाल्या सुया, रक्तानं भरलेल्या नळ्या, तिनं कशाला बघायचं? म्हटलं, नेहमीसारखं. मीठ वगैरे सांगितलं असतं तर ती घाबरली असती.

मंगळवार, १२ मार्च

मशीन नसलेला दिवस मशीनच्या दिवसापेक्षा लांब असतो.

दुपारी डेपोतले मास्तर आले होते. नव्या ड्रायव्हरांना शिकवणारे, मलाही त्यांनीच शिकवलं. आता ते निवृत्त होणार. म्हणाले, "माझ्या जागी तू ये. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अर्धा दिवस. बाजूच्या सीटवर बसायचं आणि सांगायचं."

मी म्हटलं, "स्टिअरिंगला हात न लावता गाडी शिकवायची म्हणजे भुकेल्यासमोर जेवणाचं वर्णन."

ते चहा न पिता गेले. बायको रफूचं काम घेऊन खिडकीशी बसली होती. लाँड्रीतले फाटके कपडे ती घरी आणून सांधते, असे की फाटलं होतं हे मालकालाही सापडू नये. बराच वेळ सुई चालली. मग म्हणाली, "घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं नव्हतं का?"

माझी जीभ घसरली. म्हटलं, "मी घरात नको असेन तर सरळ सांग."

सुई थांबली. "मला तुम्ही किती..." एवढं बोलून ती उठली आणि इस्त्री तापत घातली. वाक्य पुरं केलंच नाही. माणूस कंटाळला की वाक्यंसुद्धा अर्धी टाकतो.

सोमवार, १८ मार्च

कबुली. काल वहीत पाऊण लिटर लिहिलं, प्यालो दुपटीपेक्षा जास्त. दुपारी ती बाहेर गेली होती. थंड बाटलीला तोंड लावलं ते रिकामी होईपर्यंत काढलं नाही. त्या दोन मिनिटांइतकं सुख मला या वर्षात मिळालेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

आज वजन चार किलो जास्त. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "वहीत पाणी लपवता येतं, काट्यावर नाही." मशीननं चार तासांत ते सगळं ओढायला घेतलं. तिसऱ्या तासाला पोटऱ्या पिळवटल्या, मग हॉल लांब लांब जायला लागला. कुणीतरी पाय वर केले. आणि मी गाडीत होतो. तलाव त्याच्या जागेवरून उठून रस्त्यावर आला होता. गाडी पाण्याखालून चालली होती, काचांबाहेर हिरवा उजेड, थांब्यांवर माणसं छत्र्या उघडून शांत उभी. तहान नव्हती. भीतीही नव्हती. एक्सलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडी आपोआप तळाशी टेकू द्यावी, इतकंच वाटत होतं.

"डोळे उघडा! नाव सांगा!" सिस्टर गालावर थापट्या मारत होत्या. पलीकडून भूगोलबाईंचा आवाज आला, "अहो ड्रायव्हर, मला अजून उतरायचंय."

परत आलो. पण तिथे छान होतं. हे कुणाला सांगणार नाही.

गुरुवार, २१ मार्च

बायको सकाळी चहासुद्धा न घेता बाहेर पडली. अकराला आली. चेहरा पांढराफटक, आणि उजव्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला. म्हटलं, काय झालं? "सुई लागली." रफूची सुई कोपराच्या आत कशी लागते, असं मनात आलं, पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती.

संध्याकाळी सहज तिच्या लाँड्रीत फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या, ती हल्ली गुरुवारी येत नाही, महिना झाला.

कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या पायांत तर मुरतंच, पण इथेही.

शुक्रवार, २२ मार्च

भूगोलबाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

"कोपराच्या आत कापूस?" त्यांनी विचारलं. "आणि उपाशीपोटी गेल्या होत्या?"

"हो. मला वाटतं दुसरीकडे नोकरी बघतेय. पूर्णवेळ. मोठ्या ठिकाणी घेण्याआधी तपासणी करतात ना. घरात माझ्यासमोर बसायला नको म्हणून. तिला इंजेक्शनची केवढी भीती! एकदा तापानं फणफणली होती तरी डॉक्टरांना बघून पलंगाखाली शिरली होती. आणि आता स्वतःहून टोचून घेतेय. म्हणजे किती वैतागली असेल बघा."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "तिला काही विचारू नका. आणि आज गाडी जरा सांभाळून न्या. खड्डे चुकवा."

"का हो?"

"असंच. गाडीत नाजूक सामान आहे."

नदीच्या काठाकाठानं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गेलो. नदी दुधी रंगाची होती. मशीन बंद होताना पाहिलं तर बाईंचे डोळे पाणावलेले. नऊ वर्षांनी माणसाला होत असेल तसं कधीकधी.

रविवार, ३१ मार्च

आज ती दिवसभर घराबाहेर पडली नाही. न्हाणीघरात एक मोठा प्लास्टिकचा कॅन दिसला, झाकणाचा. त्यात माझे मोजे भिजत घालावेत म्हणून उचलला तर ती धावतच आली. "हात लावू नका त्याला!" इतकी ओरडली की कॅन हातातून सुटणारच होता. लगेच रडवेली झाली. "लाँड्रीचं औषध आहे. डाग काढायचं."

एका कॅनवरून एवढं! पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. आम्हाला मूल नाही, त्यामुळे घरात आवाज कमीच. जो आहे तो आता असा.

पाणी: सातशे मिली. खरं.

बुधवार, १० एप्रिल

आज ती मला दाराशी सोडून लवकर घरी परतली होती. मशीनवरून आलो तर ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. नळ सोडलेला, हात रिकामे, खांदे हलत होते. मी चपला काढल्या तरी कळलं नाही. मी परत चपला घातल्या, बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि मोठ्यानं खोकत पुन्हा आत आलो. तोवर तिनं तोंड धुतलं होतं.

"बरं नाही का?"

"बरी आहे. मला काही झालेलं नाही. मलाच कसं काही होत नाही कधी." आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

जिन्यात बसून मी हिशेब लावला होता. ती सत्तेचाळीस वर्षांची. माझ्यापायी तिचा प्रत्येक दिवस सोमवार-बुधवार-शुक्रवारला बांधलेला. भाज्या उकडून पाणी फेकायचं, मीठ लपवायचं, दाराशी चार तास बसायचं. ती सोडून जाणाऱ्यांतली नाही. अशा माणसाला मोकळं कोण करणार? ज्यानं बांधून ठेवलंय त्यानंच करावं.

डॉक्टर म्हणाले होते, न येण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. असं काही मनात आलं तर आधी माझ्याशी बोला, असंही म्हणाले होते. ते दुसरं वाक्य मी आज सोडून देतोय.

शुक्रवार, १२ एप्रिल

गेलो नाही.

तिला म्हटलं, आजपासून एकटाच जातो, तू दाराशी बसू नकोस. घरातून वेळेवर निघालो आणि सात नंबरनं तलावाला गेलो. ड्रायव्हर नवा होता, ओळखलं नाही. तलावाकाठी बाकावर बसलो. कोवळं ऊन, पाण्यावर बारीक सुरकुत्या. चार तास काय करायचं ते कळेना, म्हणून डोळे मिटून हॉलमध्ये गेलो. नऊ खुर्च्या, घुरघुर, सिस्टरांच्या चपलांचा आवाज. चौथी खुर्ची रिकामी. भूगोलबाई डोळे मिटून गाडी सुटायची वाट बघत होत्या. मी घाईनं डोळे उघडले.

अकराला घरी आलो. तिनं विचारलं, कसं होतं? म्हटलं, नेहमीसारखं.

रविवार, १४ एप्रिल

पाय खांबासारखे. आडवं झालं की कुणीतरी छातीवर बसतं. बसून लिहितोय. सिस्टरांचा फोन तीनदा आला, मी उचलला नाही. चौथा तिच्याकडे आला असावा. आतल्या खोलीत ती एवढंच म्हणाली, "काय? शुक्रवारी आलेच नाहीत?"

येतेय.

मंगळवार, १६ एप्रिल

वॉर्डातून लिहितोय. परवा दुपारीच मशीनवर घातलं, काल पुन्हा. छातीवरचं माणूस उठलं आहे.

परवा मला आणलं तेव्हा ती हॉलमध्ये शिरली. कुणी अडवलं नाही, मला अडवण्याइतका श्वास नव्हता. सुया टोचताना ती पायाशी उभी होती, पलंगाची दांडी घट्ट धरून, आणि तिनं मान फिरवली नाही.

आज सकाळी खिडकीतून ऊन आलं, बाकीचे दोघे पेशंट तपासणीला गेले होते. तिनं स्टूल ओढलं. "का नाही गेलात?"

"तुला मोकळं करावं म्हटलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या बऱ्या हातावर एक सणसणीत चापट मारली. शेजारून जाणारी नर्स दचकली.

"मोकळं! मी तुम्हाला एक द्यायला निघाले होते."

"काय?"

"किडनी. दुसरं काय देणार? फेब्रुवारीपासून फेऱ्या मारतेय. दर गुरुवारी. रक्त जुळलं. मी म्हटलं, चला, लग्नात पत्रिका जुळली नव्हती, निदान हे तरी जुळलं. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून दिली, तीही चांगली आली. त्या कॅनमध्ये तुम्ही मोजे घालत होता."

मी तोंड उघडलं. तिनं बोट उंचावून थांबवलं.

"मग फोटो काढले. डॉक्टरीण म्हणाली, बाई, तुमची एक जन्मापासूनच लिंबाएवढी आहे. काम करते ती एकटी दुसरी. सत्तेचाळीस वर्षं मी एकीवरच चाललेय आणि मला पत्ता नाही. म्हणाली, तुमची तुम्हालाच लागेल." तिनं पदरी काही नसल्यासारखे दोन्ही हात पालथे केले. "द्यायला निघाले आणि घरात निघालं एकच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात. म्हटलं, जमलं की सांगू. आणि जमलं नाही, तर सांगायचं तरी काय?"

बस चालवताना मी तीन आरशांत बघायचो. मागून सायकल येतेय, कुणाचं मूल दारात लोंबकळतंय, काही सुटायचं नाही. आणि घरात कापूस दिसला, कॅन दिसला, पांढरा चेहरा दिसला, आणि मी त्यातून नोकरीचा अर्ज तयार केला.

मी म्हटलं, "म्हणजे तुला एकच आहे."

"हो."

"मग तू पाणी पितेस का नीट?"

ती हसली की रडली ते सांगता येत नाही. नर्स मात्र पुन्हा डोकावून गेली.

शुक्रवार, १९ एप्रिल

चौथ्या खुर्चीत परत. भूगोलबाईंनी मान वळवून नखशिखान्त बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"अंदाज होता. तो कापूस माझ्या बहिणीच्या हातावरही होता, नऊ वर्षांपूर्वी. तिचं जुळलं नाही." मग म्हणाल्या, "त्यावर मी तीन महिने तिच्याशी बोलले नाही. का, ते आजही सांगता येत नाही. आणि ऐका. गेल्या शुक्रवारी मी चार तास थांब्यावर उभी होते. असं पुन्हा केलंत तर तक्रार करीन. लेखी."

मी माफी मागितली. मनापासून मागितली. मग तलावात जाऊन राहायला बरं वाटलं होतं, पाण्याखाली, तेही सांगितलं. कुणाला सांगणार नव्हतो. त्या म्हणाल्या, "तिथे सगळेच एकदा जाऊन येतात. मी दोनदा. पुढच्या वेळी रस्ता दिसायला लागला की आधी मला उठवा, मग डॉक्टरांना सांगा." डॉक्टरांना आजच सांगितलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, हातातलं काम बाजूला ठेवलं, आणि झोपेचं, भुकेचं, कशात मन लागतं का याचं विचारत राहिले. दर पंधरा दिवसांनी तिथे एक बाई नुसतं बोलायला येतात म्हणे. जाईन. एकदा जाऊन बघीन.

घरी आता नवा खेळ आहे. ओट्यावर तिच्यासाठी एक तांब्या भरून ठेवतो आणि दर तासाला "प्यालीस का?" विचारतो. ती माझ्यासमोर प्यायला लाजते. म्हणाली, "तुमच्यासमोर घटाघटा कशी पिऊ?" म्हटलं, पी. मला ऐकू तरी येऊ दे.

मंगळवार, ७ मे

मास्तरांकडे गेलो. पाया पडायच्या तयारीनं गेलो होतो, त्यांनी नुसतं विचारलं, "चहा किती मिली चालतो?"

पहिली विद्यार्थिनी, विशीतली एक पोरगी, ट्रक चालवणाऱ्या बापाची. बाजूच्या सीटवर बसलो तेव्हा हात मांड्यांवर काय करावेत ते कळेना. पहिला तास वाईट गेला, खोटं का लिहू. पाय सारखा नसलेल्या ब्रेककडे जात होता. मग वळणाच्या चढावर गाडी बंद पडली, मागं घसरली, ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, आणि मी म्हटलं, "माझ्याकडे नको, आरशात बघ. हँडब्रेक. आता इंजिनाचं ऐक. ऐकलंस? ते काय म्हणतंय?"

"दमलंय म्हणतंय."

"मग त्याला एक गिअर खाली दे."

गाडी चढली. चढाच्या माथ्यावरून सगळं शहर दिसतं. रोज दिसायचं, पण तेव्हा मी रस्त्याकडे बघत असायचो. आज बाजूला बसून बघितलं. उन्हाच्या झळांत छपरं तरंगत होती.

घरी आलो तो थकून. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मला एक हवंय." पंचवीस वर्षांत तिनं हे वाक्य उच्चारलेलं मला आठवत नाही. "तुम्ही जगाला नेऊन सोडलंत. मला कुठे नेलंत? मला आठ दिवस समुद्र बघायचाय."

मी म्हटलं, "मशीनचं काय?"

ती म्हणाली, "मशीनची जबाबदारी माझी."

शुक्रवार, १० मे

भूगोलबाईंनी एक कागद दिला. शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं ठसठशीत अक्षर. सहा गावं, प्रत्येकात मशीन कुठे, फोन कुणाला करायचा, सिस्टर हळुवार की खडूस. या सहाही गावांना त्या जाऊन आल्यात, मशीन सुरू झाल्यानंतर. मला वाटायचं त्या नऊ वर्षं या खुर्चीतच बसून आहेत.

म्हटलं, "मग आपण इथून कशाला फिरतो डोळे मिटून?"

"डोळे उघडे ठेवून फिरता यावं म्हणून," त्या म्हणाल्या. "वळवा आता डावीकडे."

शुक्रवार, १४ जून

समुद्राच्या गावी. पाचवा दिवस.

खोली वरच्या मजल्यावर आहे. पडदा सारखा आत येतो आणि बाहेर जातो, खोली श्वास घेते असं वाटतं. सकाळी इथल्या मशीनवर दुसरी खेप. कागदावर 'खडूस' लिहिलेली सिस्टर खरंच खडूस निघाली, पण हात हलका. बायको चारही तास शेजारी बसली. मी डोळे मिटले, पण गाडी काढली नाही. लांबून लाटा ऐकू येत होत्या आणि मला कुठे जायचं नव्हतं. जाग आली तर ती माझ्या खुर्चीच्या कडेला डोकं टेकून गाढ झोपलेली. सिस्टर म्हणाली, "पेशंट कोण आहे तुमच्यात? एकाला तरी उठवा."

दुपारी पडून राहिलो. उन्हं उतरल्यावर किनाऱ्याच्या कठड्यावर जाऊन बसलो. पाणी खूप मागे गेलं होतं, ओल्या वाळूत आभाळ पडलं होतं, माणसं आभाळावरून चालल्यासारखी दिसत होती. तिनं चपला काढून पाय लोंबकळत सोडले.

"भीती वाटते का हो?"

"कशाची?"

"आता उगाच कशाची विचारू नका."

मी थोडा वेळ लाटा मोजल्या. "वाटते. मशीनवर नाही वाटत. रविवारी दुपारी वाटते, सगळं शांत असलं की."

"मला पहाटे," ती म्हणाली. "तुम्ही उठायच्या आधी. श्वास ऐकत पडते. ऐकू आला की उठून चहा ठेवते."

"मला वाटायचं तुला लवकर उठायची आवड आहे."

"इतकी वेडी नाही मी."

भीती तशीच होती, पण आता ती मधोमध बसली होती आणि दोघांनाही दिसत होती. कुणीतरी खांद्यावर मूल घेऊन वाळूतून दूर दूर गेलं आणि ठिपका झालं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, किती वर्षं? ते म्हणाले होते, नीट काळजी घेतलीत तर पुष्कळ, पण सही करून देता येणार नाही. हे तिला मी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ती म्हणाली, "मला कुठे कुणी सही करून दिली आहे? एकीवर चाललेय."

परत यायला बस घेतली. दोघांच्या सीटवर ती खिडकीशी, मी बाजूला. लग्नानंतर मी बसमध्ये तिच्या शेजारी बसल्याचं आठवत नाही. मी कायम पुढे, आणि ती कधी चढली तर मागे कुठेतरी. तिच्या केसांत वाळू होती. तिनं डोकं खांद्याला टेकलं.

ड्रायव्हर कच्चा होता. वळणावर उशिरा ब्रेक, चढावर चुकीचा गिअर, थांब्यावर गाडी रस्त्याच्या मधोमध. सगळी बस एकदा पुढे, एकदा मागे. मी ओठ मिटून बाहेर बघत बसलो. आज काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या थांब्यानंतर वाटलं, कुणीतरी बघतंय. वळलो तर ती मान उचलून माझ्याच तोंडाकडे बघत होती, हसू दाबून.

"बोला, बोला," ती म्हणाली. "नाहीतर पोटात दुखेल."

मग बोललो. उतरेपर्यंत बोलत होतो.